आत जाताना पहिला, निघताना शेवटचा

पूर्णा
४ मे २०२४

प्रिय माय,
जयभीम.

फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला आणि तू आपली "जेवले, जेवले" एवढंच म्हणत राहिलीस. मी विचारत होते कपाटाची किल्ली कुठे आहे. शेवटी सिद्धूला म्हटलं, ठेव फोन, मी पत्रच लिहिते. वाचायला तुला मीच शिकवलंय, त्याचा उपयोग आता नाही तर कधी करायचा?

शाळेला सुट्टी लागली आणि परवा मी गंगाखेडहून इथे आले. जानेवारीत तू मोरीत पडलीस आणि धुरपताबाई येईपर्यंत तशीच पडून राहिलीस, तेव्हाच ठरलं की आता तू सिद्धूकडे सिकंदराबादला राहायचं आणि घर विकायचं. "इका" असं तू स्वतः म्हणालीस. तरी कुलूप उघडताना मला चोरी करायला आल्यासारखं वाटलं.

काल व्यंकटराव दलाल येऊन घर बघून गेले. दारातच म्हणाले, "शिलाताई, घर दाखवायचं म्हंजे पोरगी दाखवायला बसवल्यागत असतंय. सामान जितकं कमी दिसंल तितकं घर मोठं दिसतंय. मांडणी काढा, बंगईचा झोपाळा काढा, त्या वाकळा आधी हलवा. आन् भिंतीला क्रीम कलर द्या, ह्यो निळा रंग लय गडद पडतोय." आणखी एक-दोन गोष्टी म्हणाले, त्या किरकोळ आहेत.

तर आता तू सांग. पाटा-वरवंटा कुणाला देऊ? दादा गेल्यापासून त्यांचे रेल्वेचे खाकी कपडे पेटीत तसेच घडी घालून आहेत, शिट्टी खिशातच आहे. त्यांचा हातकंदील कुणाला? वाकळा अकरा निघाल्या. आणि फडताळात तुझ्या रिकाम्या बाटल्या चौतीस आहेत, मी मोजल्या. एवढ्या बाटल्यांत तू काय भरणार होतीस?

दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. घर आवडलं म्हणाली. कळवतो म्हणाली.

गुडघ्याला तेल लाव.

तुझी
शिला


सिकंदराबाद
१० मे

शिला माय,
जयभीम.

राजेश्रीनं पाकीट हातात दिलं तवा मला वाटलं लाइटीचं बिल हाय. सून चांगली हाय, ताटावर बसले की उठूस्तोर समोर बसती. इथं समदे तेलगू बोलायलेत. मला काय, मराठी बी ऐकू येत न्हाई आन् तेलगू बी न्हाई. मी मान हलवते. शेजारीण सिद्धूला म्हणली, तुमची आई लय समजूतदार हाय.

किल्ली पिठाच्या डब्यात हाय. कवाचीच तिथं असती, तुला ठाव पाहिजे.

पाटा-वरवंटा धुरपताबाईला दे. तीस वर्सापासून तिचा डोळा हाय त्याच्यावर, मिळू दे तिला. हातकंदील सिद्धूला ठेव. खाकी कुणाला देऊ नको आन् जाळू बी नको. उसवून वाकळंला लाव, मी पांघरीन. बाटल्या माझ्या न्हाईत. त्या तुझ्या बापानं जमवल्या, कामाला येतील म्हणून. माझं नाव कामून घेतीस?

आता पुढचं दोनदा वाच. फोटोला हात लावायचा न्हाई. रेल्वेच्या क्वार्टरातून आपण या घरात आलो तवा दादानं सामानाच्या आधी बुद्ध-बाबासाहेबाचा फोटो डोक्यावर घेतला व्हता. तू मागं पाण्याचा हंडा घेऊन व्हतीस. त्यांचा नेम व्हता, या घरात आत जाताना पैला ह्यो, निघताना शेवटचा ह्यो. समदं सामान निघू दे, घर झाडून काढ, मेणबत्ती लाव, वंदना घे, मग फोटो काढ. त्याच्या आधी न्हाई. गिऱ्हाईक यायलेत तर त्यांना दारातून दिसू दे. दारावरची नावाची पाटी बी राहू दे. ज्याला फोटो चालत न्हाई त्याला घर बी नको. पडून राहू दे घर.

एवढंच माझं एक म्हणणं हाय. बाकी तुमी लेकरं म्हणाल तसं.

चांगुणाबाई दत्तराव वाव्हळे
(सही सरळ आली का कळव, गुरुजीबाई.)


पूर्णा
१७ मे

(हे पत्र टाकणार नाही.)

माय,

त्या दोन गिऱ्हाइकांचं मी तुला अर्धंच लिहिलं. पहिला आला तो बायकोला घेऊन. ती उंबऱ्यात उभी राहिली, समोर भिंतीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. मी पाणी आणलं. "आत्ताच पिऊन आलो," म्हणाली. त्रेचाळीस डिग्री ऊन होतं आणि तिचे ओठ सुकलेले होते. दुसऱ्याला घर खरंच आवडलं. बोअरचं पाणी चाखलं, खिडक्या उघडून बघितल्या, मग वर बघितलं आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. तिसरा आला तो मोटारसायकलवरून उतरलाच नाही. पाटी वाचली आणि गाडी वळवली.

व्यंकटराव पहिल्या दिवशीच म्हणाले होते. त्या एक-दोन गोष्टी म्हणजे फोटो आणि पाटी. तुझं पत्र आलं त्याच दिवशी परत म्हणाले, "ताई, मी भेद मानत न्हाई, पण बाजार मानतोय. फोटो काही दिवस आत ठेवा. एकदा घर मनात भरलं की मग कागदावर नाव बघून कुणी माघारी जात न्हाई."

मी त्यांना चार गोष्टी सुनावायला हव्या होत्या. मी रोज परिपाठाला पोरांकडून संविधानाची उद्देशिका म्हणून घेते, माय. पण तेव्हा मी नुसती चहा ठेवायला आत गेले. सिद्धू फोनवर म्हणाला, "दीदी, तुला बरं वाटंल ते कर, पण या सुट्टीत उरक. कुलूपबंद घराला वाळवी लागते." मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. कुणाची वाटली ते लिहवत नाही.

परवा सकाळी मी स्टुलावर चढून फोटो काढला. व्यंकटरावांना हात लावू दिला नाही, एवढंच काय ते माझं इमान. तुझ्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. पाटीचे स्क्रू काढले. फोटोच्या जागी भिंतीवर फिका चौकोन राहिला होता, निळ्यात निळा. रंगाऱ्याने दोन हात मारले तरी तो दिसतच होता. तिसऱ्या हाताला गेला. दादांनी ठोकलेला तो रुळाचा जाडा खिळा त्याने रंगाआधीच उपटून भोकात पुट्टी भरली होती.

आता घर खूप छान दिसतंय. कुणाचंही वाटतंय.

शिला


पूर्णा
१७ मे

प्रिय माय,
जयभीम.

तुझं पत्र पोचलं. सही सरळ आहे, फक्त वाव्हळेतला शेवटचा ळ जरा लोळतोय.

पाटा-वरवंटा धुरपताबाईने नेला. पाटा कडेवर घेऊन गेली, मला उचलू दिला नाही. बाटल्या भंगारात दिल्या. खाकी उसवायला घेतलीय, दादांची शिलाई इतकी पक्की की ब्लेड लागतंय. रंग लावून झाला, घर उजळलं. बाकी सगळं तू सांगितलंस तसंच आहे. काळजी करू नकोस.

तुझी
शिला


सिकंदराबाद
१८ मे

शिला माय,
जयभीम.

तुझं पत्र यायचंय तरी लिहायले, कारण पुनीम गुरुवारी हाय. घरात शेवटची पुनीम हाय म्हणून नीट कर. पांढरं लुगडं नेस. मेणबत्त्या पाच लाव. खीर कर, धुरपताबाई आन् गल्लीतल्या बाया येतील, त्यांना पाठ फिरवू नको. मग मोबाईलवर फोटोचा फोटो काढून सिद्धूला धाड. मी बघीन. त्या दिशी मी बी इथं मेणबत्ती लावीन, पण ह्यांच्या हॉलमदी पंखा बंद करायला कुणी तयार न्हाई.

एकतीस वर्सं झाली, एक बी पुनीम त्या भिंतीसमोर चुकली न्हाई. दादा लाइनीवर असले तरी चुडाव्याहून सायकल हाणत यायचे. एकदा तर आलेच खीर संपल्यावर, मग भगोणं खरवडून खाल्लं.

चांगुणाबाई दत्तराव वाव्हळे


पूर्णा
२४ मे

प्रिय माय,
जयभीम.

कालची पौर्णिमा तू सांगितलीस तशीच झाली. पाच मेणबत्त्या, पांढरी साडी, खीर. सिद्धूला फोटो पाठवलाय, बघितला असशीलच. धुरपताबाईने वंदना म्हटली, तिचा आवाज अजून खणखणीत आहे. खीर दोनदा घेतली आणि वर म्हणाली, चांगुणाच्या हातची गोडी न्हाई.

घर बघायला चांगली माणसं यायला लागलीत. या आठवड्यात काहीतरी ठरेल असं व्यंकटराव म्हणतात.

तुझी
शिला


सिकंदराबाद
२८ मे

शिला,
जयभीम.

फोटो बघितला. राजेश्रीनं दोन बोटांनी मोठ्ठा करून दाखवला. मेणबत्त्या बरोबर लावल्यास.

खिळा बारीक हाय. दादानं मारलेला रुळाचा खिळा कुटं गेला? तुला ठाव हाय ना, लाइन दारासमोरच हाय, मालगाडी गेली की भिंत हादरती. बारीक खिळ्यावर एवढी फ्रेम टिकायची न्हाई. पडंल.

आन् एक. त्या भिंतीला इतकी वर्सं अगरबत्ती लावली, तिथं एक बी डाग दिसला न्हाई. घर लय मोठं दिसायलंय. माणूस राहतंय ते घर एवढं मोठं दिसत न्हाई.

माझी तब्येत बरी हाय.

चांगुणाबाई दत्तराव वाव्हळे


पूर्णा
१ जून

प्रिय माय,
जयभीम.

घर ठरलं. चुडाव्याचे आदिनाथ म्हणून आहेत, पोरांच्या शाळेसाठी पूर्णेत यायचंय. परवा त्यांनी इसार दिला. त्यांच्या आई कस्तुराबाई सोबत होत्या, दादांना ओळखायच्या. त्यांचं शेत लाइनीला लागून आहे, दादांची गँग तिथे रुळाच्या कामाला असायची. म्हणाल्या, "दत्तराव गँगवाले लय सरळ मानूस." पाणीही प्यायल्या, चहाही.

घर तुझ्या नावावर आहे म्हणून रजिस्ट्रीला तुला यावं लागेल. बारा तारखेची वेळ मिळालीय. सिद्धू तुला अकराला घेऊन येईल.

खिळा रंगाऱ्याने बदलला होता. तू यायच्या आत नीट करून ठेवते.

तुझी
शिला


गंगाखेड
१६ जून

माय,

तू परत जाऊन तीन दिवस झाले. पूर्णेत असताना तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. सिद्धू म्हणतो तिला ऐकू येत नाही ना, त्यामुळे तसं वाटलं असेल. मला ठाऊक आहे तसं नव्हतं. तू बघत होतीस आणि बोलत नव्हतीस.

या पाकिटात दुसरं एक पत्र आहे, सतरा मेचं. ते तेव्हा टाकलं नव्हतं. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता उरलेलं सांगते. पौर्णिमेला मी फोटो पेटीतून काढला, रंगाऱ्याकडच्या बारीक खिळ्यावर टांगला, तुला पाठवायला एक फोटो काढला आणि गल्लीतल्या बाया गेल्यावर परत पेटीत ठेवला. धुरपताबाईने बघितलं. ती चप्पल विसरली म्हणून माघारी आली होती. चप्पल घेऊन गेली.

कस्तुराबाईंचंही मी तुला पुरतं लिहिलं नव्हतं. त्या आत आल्या आणि सगळ्यात आधी समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे दत्तरावाचंच घर ना? मंग फोटो कुटं हाय? गाडीनं पूर्णेला यायचो तवा उघड्या खिडकीतून दिसायचा, पोरं म्हणायची आलं दत्तूकाकाचं घर." मी म्हटलं, रंगासाठी काढलाय. तर म्हणाल्या, "रंग वाळला की लाव माय, मोकळी भिंत बरी दिसत न्हाई." त्या दत्तरावांचं घर म्हणूनच बघायला आल्या होत्या, माय. ज्यांनी घर घेतलं त्यांच्यासाठी फोटो काढायची गरजच नव्हती. मी ज्यांच्यासाठी काढला ते तर परत आलेच नाहीत.

तू येणार म्हणून दहा तारखेला मी तो परत लावला. रुळाचा खिळा सगळीकडे शोधला, रंगाऱ्याला फोन केला, तो म्हणाला कचऱ्यात गेला असेल. शेवटी त्याच बारीक खिळ्यावर लावला. दुपारी मालगाडी गेली आणि मी स्वयंपाकघरात असताना आवाज आला. काच मधोमध तडकली. तू अकराला दारात आलीस तेव्हा फोटो जमिनीवर भिंतीला टेकवलेला होता. तू चप्पल काढलीस, त्याच्यासमोर बसलीस, काचेवरून बोट फिरवलंस. मी रडत होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

आणि बारा तारखेचं. मी आज तेच विचारायला लिहितेय. अंगठा तिथे सगळ्यांचाच घेतात, मशीनवर, तो तू दिलास. मग त्या साहेबांनी कागद पुढे केला, पेन दिलं, म्हणाले, "आजी, इथं सही करा." मी खुणेने दाखवलं, सही. तू पेन बाजूला ठेवलंस आणि शाईच्या डब्यात अंगठा बुडवलास. सिद्धू म्हणाला, साहेब, आईला सही येते. साहेब म्हणाले, चालतंय, अंगठा लावला तरी चालतंय. प्रत्येक पानावर तू अंगठाच लावलास. पानं पलटताना मी शेजारी उभी होते.

माय, तुला सही मी शिकवली. ब्याण्णव साली मी चौदा वर्षांची होते. रात्रीच्या वर्गात तू मागे बसायचीस आणि घरी मी पाटीवर तुझा हात धरून गिरवून घ्यायचे. चां, गु, णा. महिनाभर णा उलटा यायचा. घराच्या कागदावर तू पहिली सही केलीस तेव्हा दादांनी तो कागद चार जणांना दाखवला. गेली बत्तीस वर्षं तू कुठेही अंगठा दिला नाहीस. रेशनवाल्याशी भांडलीस त्यासाठी, बँकेत भांडलीस. पोस्टमनला म्हणालीस, मला अडाणी समजायलास का?

मग या कागदावर का लावलास? मला शिक्षा द्यायची होती तर मारलं असतंस. शिव्या दिल्या असत्यास. माझ्या हाताने शिकवलेलं तू माझ्या डोळ्यांसमोर पुसलंस. तीन दिवस झाले, मला घास जात नाही.

तेराला सकाळी तू मेणबत्ती लावलीस, वंदना घेतलीस आणि तडकलेला फोटो स्वतः पोटाशी धरून निघालीस. मला हात लावू दिला नाहीस. नेम तू पाळलास. पण तो फोटो आधीच एकदा त्या घरातून निघून गेला होता, हे आपल्या दोघींना ठाऊक होतं.

उत्तर दे. काहीही दे.

शिला


सिकंदराबाद
२३ जून

शिला माय,
जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं वाचली. पैलं चारदा वाचलं. जेवत जा. शाळेत लेकरांपुढं उपाशी उभी राहू नको.

तुझ्यावर राग न्हाई. आता मी तुला एक सांगते, ते मी सिद्धूला सांगितलं न्हाई, धुरपताबाईला बी न्हाई. फकत तुझ्या दादाला ठाव व्हतं.

एकोणऐंशी साल व्हतं. तू वर्साची, माझ्या काखंत. दादा नवीन लागले व्हते रेल्वेच्या गँगमदी, क्वार्टर मिळालं नव्हतं. पूर्णेत आमाला खोली कुणी देईना. लय हिंडले मी उन्हात. मग एका बाईनं खोली दाखवली, मागं आड व्हता, लिंबाची सावली व्हती. तिनं आडनाव इचारलं. मी म्हणलं, रेल्वेवाले. तेवढंच म्हणलं. घरात आले आन् फोटो ट्रंकेत घातला, लुगड्याखाली. तेच हिरवं लुगडं नव्हतं, पण हिरवंच व्हतं.

दादा आठ दिवसांनी लाइनीवरून आले. भिंत बघितली. ट्रंक उघडली, फोटो काढला, दारासमोर लावला. दुसऱ्या दिशी त्या बाईनं आमचं सामान बाहेर ठेवलं. चार दिवस आमी स्टेशनच्या झाडाखाली काढले. तुला ताप आला. मी दादाला लय बोलले. म्हणलं, लेकरू उन्हात तापायलंय आन् तुमाला फोटोचं पडलंय. तुझा बाप गप मानूस, तुला ठाव हाय. तवा एकदाच बोलला. म्हणला, चांगुणा, घर बांधीन तर यासाठीच बांधीन, तुला पुन्यांदा ट्रंक उघडावी लागू नये.

चौदा वर्सांनी बांधलं. आत जाताना पैला, निघताना शेवटचा, ह्यो नेम तवाचा हाय. लोकं म्हणायचे दत्तराव लय भक्तीचा मानूस. भक्तीचं न्हाई माय, ते माझ्या लाजंवर घातलेलं छप्पर व्हतं. मी तुला कवाच सांगितलं न्हाई. मायनं लेकीला काय सांगावं, मी फोटो लपवला व्हता म्हणून? सांगितलं असतं तर तू काढला नसतास. म्हणून यात माझा बी वाटा हाय. तू नुसती माझ्यावर गेलीस.

आता अंगठ्याचं. तुला वाटलं मी तुला शिक्षा दिली. न्हाई. त्या साहेबानं पेन दिलं तवा मी सही करणारच व्हते. हात पुढं केला बी. मग मनात आलं, सही मी कशापायी शिकले? चार लोकात बसून सांगायला की हे माझं नाव हाय, हे माझं आडनाव हाय, ज्याला चालंल त्यानं घ्यावं. घर घेताना मी तसं सांगितलं. इकताना पाटी काढली, फोटो काढला, नाव काढलं, मग घर इकलं गेलं. तिथं मी कुठलं नाव लिहू? अंगठ्यावर नाव नसतंय. तो लावला.

घर गेल्याचं दुख न्हाई. मला वाटलं व्हतं, दादानं ज्या कामाला बांधलं त्या कामाला ते शेवटपर्यंत पुरंल. पुरलं न्हाई. एवढंच रडू आलं, गाडीत. सिद्धूला वाटलं गुडघा दुखतोय.

रुळाचा खिळा माझ्यापाशी हाय. रंगाऱ्याच्या कचऱ्यातून धुरपताबाईनं उचलून ठेवला व्हता, निघताना माझ्या ओटीत घातला. सिद्धूनं काल इथं ठोकून बघितला. ह्या भिंती लय पातळ हायत, पलीकडच्या तेलगू बाईकडं निघाला असता. फोटो माझ्या खाटंवर उशापाशी टेकवून ठेवलाय. काच बदलायची न्हाई म्हणलं. खिळा उशीखाली हाय, टोचतो, पण ठेवलाय.

खाकीची वाकळ झाली असंल तर धाड. इथं एसी लावतात, मला थंडी वाजती.

रागावले असते तर लिहिलं नसतं. खाली बघ. चष्मा लावून, पाट मांडीवर घेऊन, हळू हळू काढली हाय. ळ लोळत न्हाई या वक्ताला. कागदावर दिली न्हाई ती तुला दिली.

चांगुणाबाई दत्तराव वाव्हळे